घास उतरेपर्यंत

मागच्या आठवड्यात आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ गेले. मला ते मोबाइलवर कळलं. मयताचं घर माझ्या घरापासून दोन फाटकं सोडून आहे. आमच्या कुकरच्या शिट्ट्या त्यांच्याकडे मोजता येतात. तरी कळलं ते ग्रुपवरच. बातमीखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मग सेक्रेटरींचा संदेश आला, ‘घरच्या मंडळींसाठी खानावळीतून डबे सांगितले आहेत, कोणीही काळजी करू नये.’ आणि खरोखरच कोणी केली नाही. मीही हात जोडून पाठवले, तेसुद्धा बायकोनं डोळे वटारल्यावर, आणि पुन्हा मॅच पाहू लागलो.

अशा वेळी मला सिंधूकाकू आठवतात. आठवतात म्हणजे कानाशी येऊन ओरडतात.

सिंधूकाकू हरदास आमच्या समोरच्या घरात राहायच्या. आर्णीत माहूर रोडला आमची कर्मचारी कॉलनी आहे. कचेरीतले, कोर्टातले, शाळांतले लोक. सकाळी इस्त्री करून निघायचं आणि संध्याकाळी चुरगाळून परत यायचं, एवढाच आमचा पराक्रम. काकूंचे यजमान नाना कोर्टात नाझर होते. दिवसभर कोर्टातला आरडाओरडा ऐकून ते घरी यायचे आणि उरलेला घरी ऐकायचे. काकूंचा राग हा अधूनमधून येणारा पाहुणा नव्हता, तो घरचाच होता. त्याचं पान रोज मांडलेलं असायचं. दूधवाल्यावर राग, नळावर राग, न शिजणाऱ्या तुरीच्या डाळीवर राग. पूजा करताना त्या गणपतीला “नीट बस” म्हणाल्याचं मी या कानांनी ऐकलं आहे.

दुसऱ्याच्या फाटकाची कडी त्या वाजवत नसत, आपटत. माझं पोट पुढे आलं, केस मागे गेले, पोरगी लग्नाची झाली, तरी त्यांच्या लेखी मी बाळ्याच. “बाळ्या, पोट कमी कर लेका. उद्या तुले उचलाले माणसं कोठून आणू?” असं त्या भर रस्त्यात, भाजीवाल्यासमोर विचारायच्या. भाजीवाला माझ्याकडे अंदाज घेतल्यासारखं पाहायचा.

पण कोणाच्या घरी माणूस गेलं की सगळ्यात आधी काकूंच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी बेसन-भाकर न्यायची. पिठल्याला आमच्याकडे बेसनच म्हणतात. मयताच्या घरच्या या जेवणाला कडू घास म्हणायचं. बाकीच्या बायका भांडं ओट्यावर ठेवायच्या, पदर डोळ्यांना लावायच्या आणि परतायच्या. काकू परतत नसत. त्या समोर मांडी घालून बसायच्या.

“भांडं ठेवून त कुत्र्यालेही जेवू घालतेत,” त्या म्हणायच्या. “माणसासाठी घास उतरेपर्यंत बसाव लागते.”

माझे बाबा गेले त्या दिवशी मी फार धीराचा मुलगा झालो होतो. फोन घेत होतो, पाहुण्यांना गाडीच्या वेळा सांगत होतो. काकूंनी ताट पुढ्यात सरकवलं.

“खा.”

“काकू, भूक नाही.”

“भूक कोणं इचारली? घास घे म्हणलं.”

घेतला. तो गळ्यातच अडकला. काकूंनी पाठीत असा बुक्का घातला, की मला वाटलं आता बाबांच्या शेजारीच माझी सोय होते. “गिळ,” त्या म्हणाल्या. घास खाली गेला आणि त्याच्या मागोमाग दिवसभर अडवून धरलेलं सगळं वर आलं. तोंडात भाकर, नाकातून पाणी, असा मी रडलो. काकू पाण्याचा तांब्या धरून शांतपणे पाहत होत्या. “आता रड. आता पोटात काही हाय रडाले.” त्या दिवसापासून मी कोणाच्याही घरी जेवायला नाही म्हणत नाही. बायको याला हावरटपणा म्हणते. मी संस्कार म्हणतो.

मग तो रोग आला.

पहिल्या लाटेत आम्ही नुसते मूर्ख झालो. मी कोथिंबीर साबणानं धुतली आणि तशीच वरणात टाकली. वरणाला फेस आला आणि तीन पिढ्यांनी मला शिव्या दिल्या. दुसऱ्या लाटेत मात्र आम्ही दुष्ट झालो, आणि ते दिवस आठवले की मला अजून हसू येत नाही.

रांगेतलं शेवटचं घर राठोड सरांचं. सर जवळच्याच बंजारा तांड्यावरचे. घरात गोरबोली बोलायचे आणि बाहेर आमच्यापेक्षा शुद्ध मराठी. तांड्यावरून येऊन कॉलनीत घर बांधणारे ते पहिलेच. त्यांना ताप आला, तपासणी झाली, फाटकाला आडवा बांबू बांधला गेला. इथवर सरकारी काम झालं. पुढचं आम्ही केलं. कॉलनीचा ग्रुप तेव्हाच जन्माला आला होता. अध्यक्ष मांडवगडे साहेबांनी त्यावर लिहिलं, की बोअरच्या सार्वजनिक नळावर राठोडांनी येऊ नये, घरच्या टाकीवर भागवावं. टाकी किती दिवस पुरते हे कोणी लिहिलं नाही. सगळ्यांनी अंगठे दाखवले.

सरांना यवतमाळला नेलं. तिथून ते आले नाहीत. त्यांची मातीही आली नाही. एका दुपारी त्यांच्या बायकोला, ललिताला, फोन आला, आणि तिचा टाहो आम्ही सगळ्यांनी आपापल्या घरात ऐकला. तांड्यावरून कोणी येऊ शकत नव्हतं. तांड्यानं रस्त्यावर बाभळीचे काटे टाकले होते. आमच्याकडे काटे नव्हते. आम्ही दारं लावली.

थोड्या वेळानं समोरच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज आला.

काकू निघाल्या तेव्हा त्यांनी नाकातोंडावरून नानांचा मफलर गुंडाळला होता. मे महिन्याचं आर्णीतलं ऊन आणि लोकरीचा मफलर. एका हातात डबा, दुसऱ्या हातात लाकडी स्टूल. मांडवगडे साहेब गच्चीवरून ओरडले, “काकू, कुठे निघाल्या?”

“मयताच्या घरी.”

“अहो, नियम आहे. साऱ्या कॉलनीला धोका होईल.”

“नियम हात लावाचा हाय. पाह्याचा नाही.”

त्यांनी रस्त्याच्या कडेची एक लांब काठी घेतली, टोकाला डबा अडकवला आणि कंपाउंडवरून आत ओट्यावर उतरवला. मग मागे येऊन रस्त्याच्या पलीकडे, निंबाखाली स्टूल टाकलं आणि बसल्या.

“ललिता,” त्यांनी हाक मारली, “बाहेर ये. खा. मी पाहून राह्यली.”

बराच वेळ काही झालं नाही. एक पोलिस मोटरसायकलवरून आला. मांडवगडे साहेबांनीच फोन केला असणार. त्यानं काकूंकडे पाहिलं, बांबूकडे पाहिलं. “मावशी, घरी जा ना,” तो म्हणाला.

“तू कोठून येऊन राह्यला?”

“मोक्षधामावरून,” तो म्हणाला. मग गाडी वळवता वळवता म्हणाला, “इतक्याच दूर बसा,” आणि गेला.

शेवटी दार उघडलं. ललिता ओट्यावर आली, डबा उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून रस्त्यावर भिरकावला. भाकर काकूंच्या पायाशी येऊन पडली.

“आता आणता का?” ती ओरडली. “सर पाणी पाणी करत होते, टाकी कोरडी होती, तेव्हा कोठी होत्या? मी फाटकाशी उभी राहून हाका मारल्या. तुमच्या घरची खिडकी लागली, काकू. मी पाह्यलं.”

 काकू खाली पडलेल्या भाकरीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “हाव. लावली खिडकी. भेव वाटलं मले. नाना साखरेचे पेशंट, त्याईचं भेव वाटलं. दे शिव्या.”

ललितानं दाराची चौकट घट्ट धरली.

“दे ना. पण खाऊन दे. उपाशी पोटी शिवीले जोर येत नाही.”

त्यांनी मान वळवून हाक मारली, “नाना, दुसरी भाकर आणा.” नाना जणू दाराआडच उभे होते, ते फडक्यात बांधलेली ताटली घेऊन आले, रस्त्यात ठेवून मागे सरकले, काकूंनी ती पुन्हा काठीवरून आत पोचवली. ललिता ओट्यावर बसली. तिनं भाकर मोडली, तोंडात कोंबली आणि शिव्यांना सुरुवात केली. मी बऱ्याच कचेऱ्यांत नोकरी केली आहे, पण तशा शिव्या पुन्हा ऐकल्या नाहीत. मराठी संपली की गोरबोलीत, गोरबोलीत दम लागला की पुन्हा मराठीत. घराघरांचं नाव घेऊन. नळ बंद करणारे, फोन न उचलणारे, दुधाची पिशवी पायानं सरकवणारे. गोरबोलीतलं आम्हाला कळत नव्हतं, तरी ज्याचा त्याचा वाटा ज्याला त्याला बरोबर पोचत होता. ती थांबली की काकू म्हणायच्या, “घास घे,” आणि घास उतरला की, “मांडवगडे राह्यला.”

मांडवगडे झाला.

“आन् थो बाळ्या?”

“ते त पडद्यामागून पाहून राह्यले. आताही.”

मी पडदा सोडला. तो आमच्या सौ.नी नुकताच धुतलेला, पांढरा पडदा होता, आणि माझं पोट पाहता तो मला लपवत होता असं मानण्यात काही अर्थ नव्हता.

ताटली रिकामी झाली तेव्हा ललिता रडायला लागली. काकू उन्हात बसूनच होत्या.

त्या लाटेत कॉलनीत आणखी मयती झाल्या. दर वेळी काकूंचं स्टूल त्या त्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे लागायचं. हळूहळू शेजारी एखादी खुर्ची आली, मग आणखी एक. दूर दूर मांडलेल्या खुर्च्यांवर तोंड बांधलेली माणसं बसलेली आणि ओट्यावर कोणीतरी एकटं जेवत असलेलं. कोणी पाहिलं असतं तर वेड्यांचा बाजार म्हणालं असतं. पण मला आजही वाटतं, की त्या रोगाच्या काळात आम्ही नवं असं जे काही शिकलो त्यात धड गोष्ट ही एकच होती. बाकी सगळी भीती होती, तिला आम्ही शिस्त म्हणत होतो.

रोग ओसरला. बांबू निघाले, मफलर पेटीत गेला. ललिताला अनुकंपेवर झरी जामणीकडच्या एका शाळेत नोकरी लागली. घराला कुलूप लावून ती गेली तेव्हा फक्त काकूंकडे निरोप घ्यायला आली. आम्हाला तिनं पाहिलं नाही, आणि पाहण्यासारखं आमच्यात काही नव्हतंही.

मग एका रविवारी मंदिराच्या सभामंडपात कॉलनीची बैठक झाली. सेक्रेटरींनी ठराव मांडला, की यापुढे मयताच्या घरी सगळ्यांनी वर्गणीतून डबे पाठवावेत. आपण आता घरोघर जायचं टाळायला शिकलोच आहोत, तर ती चांगली सवय ठेवावी. स्वच्छता राहते, कोणाचा वेळ जात नाही, दुःखातल्या माणसाला एकांत मिळतो. सगळ्यांच्या माना हलल्या. एकांत हा शब्द तर फारच आवडला.

काकू उभ्या राहिल्या.

“एकांत कोणं मांगतला? ललितानं मांगतला होता?”

“काकू, काळ बदलला,” मांडवगडे साहेब म्हणाले.

“काळ नाही बदलला. रोगानं तुमाले सुट्टी देल्ली होती, थे तुमाले गोड लागली. लग्नात फक्त पन्नास माणसं चालतीन म्हणलं होतं सरकारनं, आता चालते की नाही पाचशे? पंगती सुरू, वरात सुरू, डीजे सुरू. बंद राह्यलं काय? त मेलेल्याच्या घरी जाणं. बराबर निवडून बंद ठेवलं लेकहो.”

“अहो, पण डबा तर जाणारच ना?”

“डबा जाईन. तुमी काहून नाही जात?”

 मग हात वर करून ठराव पास झाला. माझा हात कानापर्यंत गेला, तिथे काकूंची नजर पडली, म्हणून मी कान खाजवला. ठरावाच्या बाजूनं की विरोधात, हे सेक्रेटरींना शेवटपर्यंत कळलं नाही. मलाही.

काकू त्यानंतरही एकट्या जात राहिल्या. खानावळीचा डबा आलेला असायचा, भात थंड पडलेला असायचा, आणि काकू तो बाजूला सरकवून आपली भाकर पुढे करायच्या. त्यांचा राग आता पूर्वीसारखा रुचकर राहिला नव्हता. त्यात कडवटपणा आला होता. रस्त्यात भेटल्या तर माझ्या पोटावर बोलत नसत, आणि ते मला फार लागायचं.

गेल्या उन्हाळ्यात नाना अंथरुणाला खिळले. काकूंनी घर सोडणं बंद केलं. एका पहाटे नाना गेले. नागपूरहून मुलगा आला, दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

आणि त्या दिवशी मात्र खानावळीला फोन करायची कोणाची छाती झाली नाही. सिंधू हरदासांच्या घरी डबा पाठवायचा, म्हणजे तो डोक्यावर परत यायची तयारी हवी. एकामागून एक सगळी कॉलनी बेसन-भाकर घेऊन आली. ज्यांच्या घरात ज्वारीचं पीठ नव्हतं त्यांनी शेजारून आणलं. माझ्या बायकोनं भाकरी थापल्या, मी पातेलं धरलं. ओट्यावर भांड्यांची गर्दी झाली.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सगळी भांडी पाहिली, मग सगळी तोंडं पाहिली.

“एक घास घ्या, काकू,” मांडवगडे साहेब म्हणाले. माणूस मनापासून बोलत होता, हे मला सांगितलंच पाहिजे.

“तुमच्या मागच्या खोलीत बनवारी राह्यते ना? कुल्फीवाला?”

“हो.”

“त्याची बायको परवा गेली. कोण गेलतं त्याच्याकडे?”

कोणीच गेलं नव्हतं. कावीळ झाली होती तिला, हे आम्हाला माहीत होतं. गेल्याचंही उडत उडत कळलं होतं.

“डबा गेलता?”

“काकू,” मांडवगडे साहेब चाचरत म्हणाले, “तो ग्रुपवर नाही ना.”

ते खोटं बोलले नाहीत. भाडेकरूंना आम्ही ग्रुपवर घेतलेलंच नव्हतं. बातमी ग्रुपवर आली नाही, म्हणून डबा निघाला नाही. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं.

“बायको मराले ग्रुपवर असाव लागते का?” काकूंचा आवाज चढला नव्हता, हे सगळ्यात वाईट होतं. “मी नानाच्या उशाशी होती म्हणून नाही गेली. तुमी कोणाच्या उशाशी होते?”

त्या भिंतीला धरून उठल्या. मुलगा पुढे झाला. “आई, कुठे निघाली? सुतक आहे आपल्याला. अशा वेळी दुसऱ्याच्या घरी अन्न न्यायचं नसतं.”

“त्यालेही सुतकच हाय. सुतकाले सुतक बाटवत नाही.” मग आमच्याकडे वळून, “उचला भांडे.”

आम्ही उचलली. पुढे सकाळीच विधवा झालेली बाई, मागे पातेली धरलेली कर्मचारी कॉलनी. मांडवगडे साहेबांच्या घराला वळसा घालून मागच्या बोळात गेलो. कुल्फीची गाडी भिंतीला लावलेली होती. बनवारी खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता. एवढी माणसं आणि त्यांत घरमालक पाहून तो घाबरून उभा राहिला आणि त्यानं हात जोडले.

“साहब, खाली कर दूंगा,” तो म्हणाला. “बस, तेरहवीं तक रहने दो.”

मला तेव्हा जे वाटलं ते लिहायला माझ्याकडे विनोद नाही. आम्ही एवढे लोक मिळून त्याच्या दारात फक्त त्याला हाकलायलाच येऊ शकतो, हे त्याला आमच्याकडूनच समजलं होतं.

“खाली-बिली कुछ नहीं करना,” काकू त्यांच्या वऱ्हाडी हिंदीत म्हणाल्या. “नीचे बैठ.”

त्या स्वतः जमिनीवर बसल्या, गुडघे धरत, सावकाश. माझ्या हातातलं पातेलं ओढून घेतलं, भाकर मोडली, बेसन लावलं. “खा.”

“माँजी, भूक नहीं है.”

“भूक की बात नहीं. मेरा बी आदमी गया आज सुबू. तू खा पहले.”

बनवारीनं त्यांच्याकडे पाहिलं. घास हातात घेतला, तोंडात घातला, चावत राहिला. काकू त्याच्या गळ्यावर नजर लावून बसल्या होत्या. तो उतरला. मग त्यानं त्याच भाकरीचा तुकडा मोडला, बेसनात बुडवला आणि काकूंसमोर धरला. “आपने खाया?”



तेरवी झाल्यावर मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. मी त्या दिवशी कचेरीच्या कामानं ढाणकीला होतो, त्यामुळे निघताना मी त्यांना पाहिलं नाही. मी शेवटचं पाहिलं ते त्या बोळातच. त्यांनी बनवारीच्या हातून तो घास घेतला आणि तो त्यांच्या तोंडातच राहिला. जबडा हलत होता, डोळे समोरच्या भिंतीवर होते, गळ्याची शीर ताणली होती, घास खाली जात नव्हता. बनवारीनं आतून पाण्याचा तांब्या आणला. त्यानं घाई केली नाही. तांब्या दोन्ही हातांनी धरून त्यांच्यासमोर बसून राहिला. बोळात आमच्या हातातली भांडी निवत होती आणि कोणीही घराकडे निघालं नाही.